हलका लॅपटॉप घेताना चार्जरही तराजूत ठेवा

दारव्ह्याहून यवतमाळला रोज एसटीने लॅपटॉप न्यायचा तर खांदा भरून येतो, आणि गावात लाइन गेली की काम अर्ध्यावर थांबतं. म्हणून दुकानात पैसे देण्याआधी एवढं करा.

१. वजन चार्जरसकट विचारा. १.३ किलोचा लॅपटॉप जाड चार्जर धरून पावणेदोन किलोपर्यंत जातो. पिशवीत टाकून खांद्याला लावून पाहाच.

२. तो सी-टाइप पोर्टमधून चार्ज होतो का, ते दुकानदाराला वायर लावून दाखवायला सांगा. माझ्या मते खरी सोय इथेच आहे. ६५ वॅटचा एकच छोटा चार्जर मोबाइलला आणि लॅपटॉपलाही चालतो. शिवाय पॉवर बँक वापरता येते. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ७४ वॅट-अवर वीज असते आणि हलक्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा ५० च्या आसपास. थोडी वीज वाया गेली तरी जवळपास एक पूर्ण चार्ज मिळतो. पीक विम्याचा फॉर्म भरताना लाइन गेली तरी चिंता नाही.

३. रॅम शक्यतो १६ जीबीच घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बरेचदा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

फक्त पॉवर बँक घेताना त्यावर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सी-टाइपमधून जास्त वॅटने चार्ज करायची पद्धत) आणि ४५ वॅट किंवा जास्त आउटपुट लिहिलंय ना, ते वाचा. मोबाइलपुरती असलेली साधी पॉवर बँक लॅपटॉपला पुरत नाही.