गाणं फुकटात फिरणारच, पण तुमचं नाव घेऊन फिरू द्या

गाणं रिलीज करून राहिले ना भाऊ, तर पहिले हे मान्य करा की ते फाईल बनून फुकटात फिरणार. थांबवायच्या भानगडीत पडू नका. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, म्हणजे इंटरनेटवर एकमेकांना फुकटात गाणी द्यायचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या म्युझिक कंपन्यांनी कोर्टात खेचलं, २००१ मध्ये ते बंद पडलं, शेअरिंग काही बंद पडलं नाही. मग २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला सुटं गाणं विकायला काढलं, म्हणजे एका गाण्यासाठी अख्खा अल्बम गळ्यात मारायची कंपन्यांची जुनी सोय गेली ती गेलीच. इकडे नागपुरात बर्डीवर मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, त्यातलं गायकाला काय मिळालं? घंटा.

तर एमपी३ बाहेर सोडायच्या आधी तिच्यात टॅग भरा. एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात गाण्याचं नाव, गायक, गीतकार, कव्हर फोटो टाका आणि कमेंटच्या रकान्यात आपलं चॅनेल. फाईलचं नाव "फायनल नवीन २" ठेवू नका बे. व्हॉट्सॲपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर समोरच्याच्या फोनमध्ये नुसतं एयूडी, तारीख अन् नंबर असं काहीतरी नाव होऊन पडते आणि चार ग्रुप फिरली की गाणं कोणाचं हे कोणालाच माहीत नसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास भीमगीतं वाजत असतात, त्यातलं एखादं कोणी लिहिलं हे विचारून पाहा एकदा.

आता पैशाचं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमचं गाणं ॲप्सवर चढवून देणारी कंपनी, आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख नंबर) देतो का आणि यूट्यूबचं कंटेंट आयडी (दुसऱ्याच्या व्हिडिओतलं तुमचं गाणं ओळखणारी यंत्रणा) लावून देतो का, एवढं विचाराच. ते लागलं की दुसऱ्या कोणी तुमचं गाणं चढवलं तरी जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळवता येतात, व्हिडिओ उडवत बसण्यापेक्षा हे बरं. पण बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार म्युझिक, नेटवरून घेतलेलं असेल, जे अजून दहा जणांकडे आहे, तर कंटेंट आयडी लावू नका, भलत्याच लोकांच्या व्हिडिओवर क्लेम जातील आणि तुमच्यावर शेकेल.

गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचे, म्हणजे त्यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, मेंबर व्हा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर तुमचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही, त्यामुळे कोणी लेबलवाला (म्युझिक कंपनीवाला) "सगळे हक्क द्या, एकरकमी घ्या" म्हणत कागद सरकवत असेल तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

आणि बँडमध्ये कोणाचे किती टक्के हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून ठेवा, गाणं चाललं की धरमपेठच्या टपरीवर यावरूनच दोस्तांची भांडणं होतात.