टायरची हवा सकाळीच तपासा

ठाण्याच्या घोडबंदर रोडची कोंडी पार करून गायमुखच्या घाटापर्यंत पोचलात की टायर चांगलेच तापलेले असतात. अशा वेळी पंपावर हवा तपासली तर काटा ३-४ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतो. पंपावरचा पोऱ्या ती जादा हवा काढतो, आणि दुसऱ्या दिवशी थंड टायर नेमके तेवढेच कमी भरतात. म्हणून हवा सकाळी, गाडी फार चालायच्या आधी बघायची.

किती भरायची? ‘सगळ्या गाड्यांना पस्तीस’ हे पंपावरचं उत्तर ऐकू नका. ड्रायव्हरचं दार उघडा; चौकटीवर स्टिकर असतो, पुढच्या-मागच्या टायरचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा त्यावर वेगवेगळा असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो.

हवा भरून झाली की बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवा. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व्ह गळतोय. व्हॉल्व्हच्या आतली पिन बदलायला फार खर्च येत नाही, पण आम्ही महिनाभर पंक्चर शोधत बसलो होतो! व्हॉल्व्हचं टोपण परत लावून घ्या, पोरं ते हमखास विसरतात.

पावसाळ्याआधी टायरच्या खाचांमध्ये बोट फिरवा. तळाशी छोटे उंचवटे लागतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिमीच उरली, टायर बदला.

टायरमध्ये नायट्रोजन भरायला जास्त पैसे मोजू नका, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. आणि हो, स्टेपनीतही हवा बघा.