शाडूच्या मूर्तीला मानेशी, खांद्याशी तडे: माझा अनुभव

माझ्या मनातलं पात्र म्हणजे पाणाडी आजी, म्हणजे विहिरीसाठी जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारी. नऊवारी लुगडं, हातात कडुलिंबाची बेचकी. वीतभर मूर्ती, आत तारेचा सांगाडा. लातूरच्या एप्रिलात दुसऱ्याच दिवशी मानेला अन् खांद्याला तडे; बुजवून रंगवलं की पुन्हा वर.

पाणी फिरवलं, नुसतं फेविकॉल भरलं, सावलीत वाळवलं. तिसऱ्यांदा मान गळाली तेव्हा बेचकी भिंतीवर भिरकावली.

कारण साधं: वाळताना माती आकसते, तार आकसत नाही.

मग तारेवर वर्तमानपत्राची पट्टी सैल गुंडाळून वर सुतळी बांधली. चार भाग शाडूत एक भाग पिळलेला कागदाचा लगदा मळला. घडवून झाल्यावर मूर्ती प्लास्टिकच्या बादलीखाली झाकली, शेजारी ओलं फडकं. मूर्तीला चिकटू द्यायचं नाही. रोज अर्धा तासच बादली उचलायची. आठ दिवस. उतावळेपणा इथेच नडतो.

तरी केसासारखे दोन तडे आलेच. त्यांना आधी ब्रशने पाणी, मग त्याच मातीच्या रबडीत थोडं फेविकॉल घालून भरलं. कोरड्या तड्यात भर धरत नाही. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर, एकास तीन पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात, रात्रभर थांबून पांढरा प्रायमर, मग ॲक्रिलिक. लुगडं अंजिरी केलं. मान शाबूत आहे.