पेट स्कॅनला जाण्याआधी चिठ्ठीवर पाय लिहून घ्या

वडिलांच्या पोटरीवरची गाठ मर्केल सेल कार्सिनोमाची निघाली. त्वचेचा हा कॅन्सर दुर्मिळ, पण झपाट्याने पसरणारा. कुठवर पोचलाय हे बघायला पेट-सीटी सांगितला, म्हणजे सुईतून किरणोत्सारी ग्लुकोज देऊन कॅन्सर ते कुठे ओढतोय हे दाखवणारा स्कॅन. पहिल्या वेळची तयारी मीच केली आणि नेमकी मुख्य गोष्ट राहिली. तुमची राहू नये.

सगळ्यात आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचा. त्यावर नुसतं ‘होल बॉडी’ असेल तर तिथेच थांबा. नेहमीचा होल बॉडी स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच असतो. बऱ्याच कॅन्सरना तेवढा पुरतो, पण त्वचा टाळूपासून तळपायापर्यंत आहे. आमच्या रिपोर्टमधली ती ओळ मला रात्री तिसऱ्यांदा वाचताना दिसली: ‘मांडीच्या मध्यापर्यंत’. ज्या पोटरीवर टाके होते, ती मशीनखाली गेलीच नव्हती. पुन्हा उपास, पुन्हा सुई, पुन्हा किरणोत्सर्ग. म्हणून चिठ्ठीवर ‘डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि गाठ कुठे होती, कोणत्या बाजूला, तेही.

वेळ ठरवायला फोन कराल तेव्हा हेच पुन्हा सांगा. पाय धरून स्कॅनला जास्त वेळ लागतो, त्यांना तशी वेळ राखावी लागते. त्याच फोनवर डायबिटीसचं बोला. सुईतून देतात ते किरणोत्सारी ग्लुकोज, त्यामुळे रक्तातली साखर २००च्या वर असली तर बरेच ठिकाणी परत पाठवतात. इन्सुलिन कधी घ्यायचं, मेटफॉर्मिन थांबवायचं का, हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने काही बंद करू नका. गरोदरपण किंवा अंगावर पाजणं असेल तर आधीच सांगायचं.

आदल्या दिवशी व्यायाम नाही, जड उचलणं नाही. दमलेले स्नायू ग्लुकोज ओढतात आणि चित्रात उजळतात. रात्री गोड, भात टाळा. सकाळी निदान सहा तास पोट रिकामं, फक्त साधं पाणी, भरपूर. चहा नाही. बिनसाखरेचाही नाही.

अंगावर गरम कपडे हवेतच. थंडी वाजली की मान-खांद्याजवळची तपकिरी चरबी ग्लुकोज खाते, आणि गाठी शोधायच्या त्याच जागी डाग दिसतात. स्वेटर बिनचेनचा, धातू नसलेला. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट आणि जुन्या स्कॅनची सीडी, नुसता कागद नव्हे.

तिथे पोचल्यावर टेक्निशियनला तीन गोष्टी तोंडी सांगा. अलीकडचं ऑपरेशन किंवा बायोप्सी, कारण भरत असलेली जखमही उजळते. अलीकडची लस, कारण त्या बाजूच्या काखेतल्या गाठी सुजलेल्या असू शकतात. आणि तिसरी तीच: पाय घ्यायचेत ना? चिठ्ठी दाखवून विचारा. गाठ हातावर असेल तर सुई दुसऱ्या हाताला द्यायला सांगा.

सुईनंतर तासभर शांत पडून राहायचं. बोलणं, फोन, काही चघळणं नको. वडिलांना सारखं बोलायची सवय, तेवढा वेळ मी बाहेरच बसले. मग लघवीला जाऊन यायचं आणि टेबलावर हलायचं नाही. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा.

नंतर पाणी पीत राहा, जेवा. त्या दिवशी काही तास लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईजवळ बसू नका. सुईतल्या ग्लुकोजला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, रात्रीपर्यंत फारसं उरत नाही.

पण हे सगळं नंतर. टेबलावरून उतरायच्या आधी, कपडे बदलायच्या आधी, विचारा: पाय झाले का? बोटांपर्यंत?