गाडी ठोकली? आधी चावी काढा, मग बाकीचं

दोन वर्षं झाली, दिवाळीनंतरची गोष्ट. कपाशीचा सीझन, संध्याकाळचे साडेसात, मी पारोळ्याहून जळगावकडे निघालेलो आणि एरंडोलच्या अलीकडे पुढे कापसाची ट्रॉली, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, दिसली तोवर माझं बंपर तिच्याखाली. लागलं कुणालाच नाही. ट्रॅक्टरवाला उतरला, आमच्याकडे बघून म्हणाला, "मानूस वाचना ना भाऊ, बस व्हयनं." बरोबरच होतं त्याचं.

घोळ त्यानंतर झाला. शालक शेजारी बसलेला, तो म्हणे गाडी चालू होतेय ना दाजी, मग टोचनचे, म्हणजे गाडी ओढून न्यायचे, पैसे कशाला घालता, हळूहळू नेऊ जळगावला. बोनेटखाली हिरवं पाणी टपकत होतं, मोबाईलच्या टॉर्चमध्ये मी पाहिलं पण होतं. पाळधीला पोचेपर्यंत टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. बंपर, रेडिएटर, हेडलाईट विम्यात आलं. इंजिनच्या हेड गॅस्केट आणि हेडचं काम, २८ हजार, माझ्या खिशातून गेलं. कारण पॉलिसीतच लिहिलेलं असतं की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं तर ते वाढलेलं नुकसान मालकाचं. मी ती ओळ नंतर वाचली.

म्हणून सांगतो, क्रम महत्त्वाचा. बहुतेकांचे पैसे क्रम चुकल्यामुळेच जातात.

जागेवर, पहिला अर्धा तास

इग्निशन बंद, पार्किंग लाईट चालू, माणसं रस्त्याच्या कडेला. कुणाला लागलं असेल तर १०८ ला अँब्युलन्स, ११२ ला पोलीस, आणि नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ ही हायवेची हेल्पलाईन आहे, क्रेनसाठी पण तिथे विचारता येतं.

मग गाडीखाली बघा. पाणी, ऑईल, काहीही टपकत असेल तर परत स्टार्टर मारायचा नाही. चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑईलची टाकी, फुटलेला असला की ऑईल पाच मिनिटांत खाली आणि इंजिन जाम. पुराच्या पाण्यात गाडी अडकली तरी हाच नियम, पाणी इंजिनात गेलेलं असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत कारच्या टोचनसाठी १५०० रुपयांपर्यंत मिळतात, रोडसाईड असिस्टन्स घेतलेला असेल तर कंपनीच गाडी उचलते.

गाडी हलवायच्या आधी फोटो. फक्त चेपलेल्या जागेचे नाही, लांबून नंबरप्लेटसकट, चारी बाजूंनी, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, समोरच्या गाडीचा नंबर, ओडोमीटर. एक छोटा व्हिडिओ पण करून ठेवा. समोरच्याचं नाव, लायसन, विमा कंपनी टिपून घ्या. पण गर्दी जमली की कुणीतरी पुढारी मध्ये पडून "मिटवून टाका, लिहून द्या" म्हणतोच, तेव्हा चूक माझी असं काहीही लिहून द्यायचं नाही आणि पैशाचा शब्द द्यायचा नाही, कारण विमा कंपनीला न विचारता दिलेली असली कबुली पॉलिसीच्या अटीत बसत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर नुसता पत्रा चेपला असेल तर स्वतःच्या गाडीच्या क्लेमला सहसा एफआयआर लागत नाही. पण माणूस जखमी असेल, दुसऱ्याचं मोठं नुकसान असेल, गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसात जावंच लागतं आणि जखमी असेल तर ड्रायव्हरनं २४ तासांच्या आत कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. जखमीनं तुमच्याकडे भरपाई मागितली तर तो थर्ड पार्टी क्लेम, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, तिथली नोटीस आली की घरात ठेवू नका, सरळ विमा कंपनीकडे पाठवा.

क्लेम टाकायचा की नाही, हा हिशेब त्याच रात्री करा

हे कुणी सांगत नाही. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो आणि परत २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. समजा तुमचा बोनस ५० टक्के आहे आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम बोनस न धरता ९००० आहे. क्लेमनंतर पहिल्या वर्षी ५० टक्के गेले, दुसऱ्या वर्षी ३०, मग २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के, म्हणजे प्रीमियम तेवढाच धरला तरी पाच वर्षांत ११,२५० रुपये जास्त भरणार. मग गल्लीतल्या डेंटरकडे सहा हजारात होणाऱ्या कामासाठी क्लेम कशाला. बोनस प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी.

टाकायचा ठरला तर लगेच टाका, अ‍ॅपवर नाहीतर टोल फ्रीवर, आणि क्लेम नंबर लिहून घ्या. चार दिवसांनी फोन केला की पहिला प्रश्न उशीर का झाला हाच येतो.

आणि कृपा करून ड्रायव्हर बदलू नका. आपल्याकडे ही सवयच आहे, गाडी पुतण्या चालवत होता, त्याचं लायसन संपलंय, मग काकांचं नाव टाका. इन्व्हेस्टिगेटर दवाखान्याचे कागद बघतो, टोलचे कॅमेरे बघतो, आणि एकदा खोटं सापडलं की सगळा क्लेम जातो. तसंच लग्नसराईत पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी वऱ्हाडाला भाड्यानं दिली आणि ठोकली तर पैसे मिळतील ही आशा सोडा. सेकंडहँड गाडी नाशिकहून आणलीय आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, असं असेल तर आजच बदला, मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं.

गॅरेज आणि सर्व्हेअर

कॅशलेस हवं असेल तर कंपनीच्या यादीतलं गॅरेज लागतं, आणि आपल्या खानदेशात ती जास्त करून जळगाव-धुळ्यातच मिळतात. शहाद्याच्या नाहीतर यावलच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे करायचं असेल तरी चालतं, फक्त आधी तुम्ही पैसे भरायचे, मग कंपनी देणार. त्याला आधीच विचारा, भाऊ पक्कं जीएसटी बिल देशील ना? कच्च्या चिठ्ठीवर पैसे येत नाहीत. पेमेंट पण रोख न देता बँकेतून करा.

सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा विमा कंपनीचा माणूस, येईपर्यंत गाडीचा एक नट उघडू द्यायचा नाही. मिस्तरी म्हणतील तो कधी येईल काय माहीत, आम्ही खोलून ठेवतो. नाही म्हणा. सर्व्हे झाला की गाडी खोला, आणि आत आणखी काही निघालं, म्हणजे कंडेन्सर फुटलेला, क्रॉस मेंबर वाकलेला, तर पार्ट बदलायच्या आधी सर्व्हेअरला परत बोलवून पुरवणी एस्टिमेट मंजूर करून घ्या. बदलल्यावर दाखवलेलं तो मान्य करेलच असं नाही. जुने पार्ट भंगारात टाकू देऊ नका, परत तपासणीला मागतात.

सर्व्हे चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. मी उभा होतो म्हणून कळलं की फॉग लॅम्पचा ब्रॅकेट एस्टिमेटमध्ये आलाच नव्हता, आणि डावा दरवाजा, ज्याला काही झालंच नव्हतं, तो मात्र रंगाच्या यादीत होता! तो दरवाजा मी काढायला लावला.

पैसे कुठे कापतात

गॅरेजचं बिल ४२ हजार आणि कंपनी देते २९ हजार, यात फसवणूक असतेच असं नाही, झीज कापतात. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यावर ५० टक्के, फायबरवर ३०, काचेवर काही नाही. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, पुढे ५०. रंगकामाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात.

साडेतीन वर्षांच्या गाडीचं उदाहरण घ्या. बंपर ६०००, त्यात तुमचे ३०००. हेडलाईट ९०००, ती बहुतेक वेळा प्लास्टिकमध्ये धरतात, तुमचे ४५००. बोनेट १२,०००, तुमचे ३०००. रंग ८०००, तुमचे १०००. मजुरी ७०००, ती पूर्ण मिळते. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १०००, त्यापुढे २०००. लहान इंजिन धरा, म्हणजे तुमच्या खिशातून १२,५००, कंपनीचे २९,५००. झिरो डेप, म्हणजे झीज न कापण्याचं अ‍ॅड-ऑन, घेतलेलं असेल तर यातली झीज वाचते, वजावट मात्र द्यावीच लागते. नव्या गाडीला पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मागच्या वर्षीचं माझं रिन्युअल याच मतानं झालंय.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. लोन असेल तर ते पैसे आधी बँकेला जातात, उरले तर तुम्हाला.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी घेऊ नका. उन्हात रंगाचा शेड जुळलाय का बघा, दरवाजांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का, बोटानं टकटक करून लांबी (पुटी) जाड भरलीय का ते कळतं. काचेवर पाईपनं पाणी मारायला सांगा, जळगावच्या उन्हाळ्यात काच बदलली की गळती पार जूनमध्ये कळते. एअरबॅगचा दिवा, एसी, स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय का, हे पाच किलोमीटर चालवून बघायचं आणि मगच समाधानपत्रावर सही.

कंपनीनं क्लेम नाकारला किंवा फारच कापला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागात लिहा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ ला तक्रार करता येते, आणि विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या जिल्ह्यांना पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, नकार आल्यापासून वर्षभरात जायचं. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, तिथे दोन वर्षांची मुदत.

माझ्या २८ हजारांसाठी मी कुठेच गेलो नाही. सर्व्हेअरनं विचारलं होतं, गाडी इथपर्यंत कशी आणली, आणि मी खरं सांगितलं होतं. शालक अजून म्हणतो की टोचनचे पंधराशे वाचले.