घाट चढून परतणाऱ्या मेंढ्यांची पावसाळ्यापूर्वीची निगा

दिवाळीच्या सुमारास माण, खटाव, फलटण, पुरंदर या भागांतील धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे कुटुंबांचे तांडे, सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात आणि भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवत, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेत उन्हाळा काढतात. कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. म्हणून मृगापूर्वी पुन्हा माळावर, जेथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो तेथे, परतायचे हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कळपासाठी सर्वांत नाजूक काळ हाच.

वळवाच्या पावसानंतर माळावर कोवळे गवत फुटते आणि चालून भुकेलेल्या मेंढ्या त्यावर तुटून पडतात. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात जिवाणूंचे विष वाढून होणारा रोग, तेव्हाच उद्भवतो. संध्याकाळी उड्या मारणारे, कळपातले सर्वांत धष्टपुष्ट कोकरू सकाळी वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडण्याच्या जाळीच्या, कडेला मान मागे ताठलेली, अशा अवस्थेत मेलेले आढळते. उपचाराला सहसा वेळच मिळत नाही. ‘गावी पोहोचल्यावर बघू’ ही सवय येथे महागात पडते, कारण लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि प्रथमच टोचलेल्या कोकरांना साधारण १५ दिवसांनी दुसरी मात्राही द्यावी लागते. म्हणून घाट चढण्यापूर्वीच, कोकणातल्या मुक्कामी, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीकरण उरकावे. लस बर्फातच न्यावी; उन्हात तापलेली बाटली टोचणे म्हणजे न टोचण्यासारखेच आहे. माळावर आल्यावर पहिले काही दिवस मेंढ्यांना आधी वाळका चारा देऊन मगच हिरव्यावर सोडावे.

जंताचे औषध पावसाळ्याच्या तोंडाशी वजनानुसार पाजावे. मात्र नुकत्याच फळलेल्या मेंढ्यांना पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भात व्यंग येते.

वाघर लावायला मुरमाड, उताराची जागा निवडावी. चिखलात उभ्या राहणाऱ्या मेंढ्यांची खुरे बेचक्यात सडतात. वाढलेली खुरे कापून, झिंक सल्फेटच्या १० टक्के द्रावणात, म्हणजे १०० लिटर पाण्याला १० किलो या प्रमाणात, मेंढ्या काही मिनिटे उभ्या कराव्यात. काहीजण त्याऐवजी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरतात, पण तांबे मेंढीला इतर जनावरांपेक्षा लवकर बाधते आणि तहानलेली मेंढी ते पाणी प्यायल्याशिवाय राहत नाही. द्रावण कोणतेही असो, मेंढ्यांना आधी स्वच्छ पाणी पाजावे.