यात्रेच्या बेभरवशाच्या हंगामात मुक्कामाची घरे कशी सांभाळावीत

गुलमर्गला २०२४च्या जानेवारीत बराच काळ बर्फच पडला नाही, आणि स्कीइंगच्या हंगामावर वर्षाचे गणित मांडून बसलेल्या तिथल्या घरमालकांची व हॉटेलवाल्यांची मोठी पंचाईत झाली. ती बातमी वाचताना मला आमचे सोलापूरच आठवले. इथे बर्फ नाही, पण तुळजापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास आणि पंढरपूर पंचाहत्तरच्या आतबाहेर असल्यामुळे सोलापुरात मुक्काम करून या क्षेत्रांना जाणारे भाविक वर्षभर येतात, आणि त्यांचा हंगामही तिथी, पाऊस व रस्ता या तिघांच्या मर्जीवर चालतो. मी गेली काही वर्षे शहरात अशी तीन घरे सांभाळते. ज्यांचा रिकामा फ्लॅट किंवा वाड्यातला एखादा मजला या कामासाठी वापरायचा विचार आहे, त्यांच्यासाठी कामाचा क्रम पुढे देत आहे.

पहिली पायरी: पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून वर्ष आखावे

गेल्या वर्षी अमुक तारखेला घर भरले होते, म्हणून यंदाही त्याच तारखेला भरेल, असे कधीही धरू नये. आषाढी एकादशी २०२५मध्ये ६ जुलैला होती आणि २०२६मध्ये २५ जुलैला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. घटस्थापना २०२४मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५मध्ये २२ सप्टेंबरला आणि २०२६मध्ये ११ ऑक्टोबरला, म्हणजे पुढेमागे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक पडतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे धो धो पाऊस असू शकतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बहुधा उघडीप असते, त्यामुळे एकाच सणासाठी दोन वर्षांची तयारी सर्वस्वी वेगळी करावी लागते. अधिक महिन्यात लग्ने थांबतात, म्हणून लग्नाच्या वऱ्हाडाला दिली जाणारी घरे ओस पडतात, आणि त्याच महिन्यात पंढरपूरची गर्दी मात्र वाढते. एक दार बंद होताना दुसरे कोणते उघडते, ते पंचांगातून सहा महिने आधी दिसते.

तारीख न हलणारी एकच मोठी यात्रा म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वरांची, आपली गड्ड्याची यात्रा. ती मकरसंक्रांतीभोवती असल्यामुळे १२ ते १७ जानेवारीच्या आसपासच येते. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा (सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागणारा प्रतीकात्मक विवाह), संक्रांतीला होमप्रदीपन आणि दुसऱ्या दिवशी शोभेचे दारूकाम, असा क्रम ठरलेला असतो. आखणीची सुरुवात या खुंट्यापासून करावी. त्याशिवाय अक्कलकोटसाठी गुरुवार, तुळजापूरसाठी मंगळवार आणि शुक्रवार, चैत्र शुद्ध द्वितीयेचा अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचा प्रकट दिन, चैत्र वद्य त्रयोदशीची पुण्यतिथी, गुरुपौर्णिमा आणि दत्तजयंती या खुणा एकाच तक्त्यावर कराव्यात.

दुसरी पायरी: रिकाम्या रात्रींचा हिशेब आधी करावा

बहुतेक नवे घरमालक नवरात्रातल्या दराने वर्षाचे उत्पन्न मोजतात आणि तिथेच फसतात. उलट्या बाजूने मोजणे बरे. समजा, एका घराची झाडलोट आणि देखभाल करणाऱ्या मावशींचा पगार, किमान वीजबिल, इंटरनेट, सोसायटीची वर्गणी, कर आणि किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याचा खर्च १५,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाला १,८०,०००. खात्रीने भरणाऱ्या रात्री फार तर ४० धराव्यात. धुलाई आणि पाणी वजा जाता त्या रात्रींना हातात २,५०० रुपये राहत असतील, तर जमा १,००,००० होते. उरलेले ८०,००० रुपये साध्या रात्रींनी भरून काढायचे आहेत. साध्या रात्रीला १,२०० सुटत असतील, तर आणखी ६७ रात्री घर लागले पाहिजे. नफ्याची गोष्ट त्यानंतरची. हा आकडा पाहिला की माणूस जानेवारीत अवाच्या सवा दर लावण्याच्या भानगडीत न पडता बाकीच्या महिन्यांकडे लक्ष देऊ लागतो. माझ्या मते गर्दीतही साध्या दराच्या दुपटीच्या वर जाऊ नये. ओढून घेतलेल्या दोन हजारांपायी वर्षातून चार वेळा अक्कलकोटला येणारे कुटुंब कायमचे दुरावते.

तिसरी पायरी: पाण्याचे दिवस मोजावेत

सोलापुरात घर सांभाळणे म्हणजे आधी पाणी सांभाळणे. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड पाळी असते, आणि जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की ती पाळी आणखी पुढे जाते. आठ माणसांचा मुक्काम असेल तर आंघोळ, धुणीभांडी आणि शौचालय धरून माणशी शंभर लिटर, म्हणजे दिवसाला आठशे लिटर लागतात. पाच दिवसांचे चार हजार झाले. त्यावर एका दिवसाची शिल्लक धरून हौद आणि टाकी मिळून पाच हजार लिटरची सोय नसेल, तर गर्दीच्या दिवसांत आठ जणांचे बुकिंग घेऊच नये.

आमच्या प्रत्येक हौदाजवळ भिंतीला एक वेळूची काठी टेकवलेली असते. तिच्यावर लाल ऑइलपेंटने आडव्या रेघा मारल्या आहेत आणि दोन रेघांमधले अंतर म्हणजे एका दिवसाचे पाणी. मावशी सकाळी झाकण उघडतात, काठी तळाला टेकवतात, ओली खूण कुठवर आली ते पाहतात आणि मला फोनवर एवढेच सांगतात, “ताई, अडीच रेघा.” अडीच रेघा असतील आणि पाळी तीन दिवसांवर असेल, तर टँकरला त्याच क्षणी फोन करायचा. पाणी संपल्यावर फोन केला तर नवरात्रात टँकर दुपारपर्यंत येत नाही, आणि तोवर पहाटे दर्शनाला निघणारी माणसे आंघोळीसाठी खोळंबून बसतात. म्हणून दोन वेगवेगळ्या टँकरवाल्यांशी हंगामाआधीच बोलून ठेवावे. पिण्याच्या पाण्याचे जार वेगळे मागवावेत.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. प्रकट दिन गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी येतो आणि पुण्यतिथीपर्यंत पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. कूलर असतील तर त्यांच्या गवताच्या ताट्या पाडव्याआधी बदलाव्यात आणि कूलरला लागणारे पाणी वरच्या हिशेबात धरावे. ते धरायचे राहते आणि हौद एक दिवस आधीच आटतो.

चौथी पायरी: आगाऊ रक्कम आणि रद्द करण्याचे नियम लिहून द्यावेत

२०२५च्या सप्टेंबरमध्ये नवरात्र सुरू होत असतानाच सीना नदीला मोठा पूर आला, जिल्ह्यातली गावेच्या गावे पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पाणी वाढल्यामुळे सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. पुण्याच्या बाजूने आमच्याकडे निघालेले एक कुटुंब मोहोळच्या अलीकडून परत फिरले. त्याच दिवशी एका घरात उतरलेली सहा माणसे निघायचे असूनही निघू शकली नाहीत. आमच्या लेखी नियमांत तेव्हा पुराबद्दल अक्षरही नव्हते. परत फिरलेल्यांना मी सगळे पैसे पाठवले, अडकलेल्यांकडून जादा रात्रींचे निम्मे भाडे घेतले, आणि पाणी ओसरल्यावर बसून नियम नव्याने लिहिले.

ते थोडक्यात असे आहेत. बुकिंगच्या वेळी तीस टक्के आगाऊ रक्कम घ्यावी. सात दिवस आधी कळवल्यास ती पूर्ण परत करावी. त्यानंतर कळवल्यास निम्मी परत करावी किंवा पूर्ण रक्कम पुढच्या सहा महिन्यांतल्या मुक्कामासाठी जमा ठेवावी, यांपैकी पाहुण्याला हवे ते करावे. प्रशासनाने रस्ता बंद केला किंवा रेल्वेगाडी रद्द झाली, तर एक रुपयाही न कापता सर्व रक्कम परत करावी. शेवटच्या नियमाने वर्षातून दोन-चार वेळा तोटा होतो, तो दुसऱ्या पायरीतल्या हिशेबात धरून ठेवावा. हे नियम आगाऊ रक्कम घेण्याआधी व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवावेत आणि पाहुणे कर्नाटक किंवा तेलंगणातले असतील तर कन्नड किंवा तेलुगूतही. आपल्या शहरात दोन्ही भाषा लिहिणारी माणसे शेजारीच मिळतात.

पाचवी पायरी: अंथरूण-पांघरूण आणि घराची डागडुजी

प्रत्येक गादीमागे पलंगपोस, अभ्रे आणि चादरींचे तीन संच असावेत: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. सोलापुरी चादर वर्षानुवर्षे टिकते आणि हिवाळ्यात पाहुणे तिची आवर्जून चौकशी करतात. जाड टर्किश टॉवेल मात्र पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो, म्हणून जुलै ते सप्टेंबरमध्ये पातळ पंचे ठेवावेत. पितृपंधरवड्यात बुकिंग जवळजवळ नसते आणि लगेच नवरात्र लागते. रंगरंगोटी, मोटर, फ्लोट आणि इन्व्हर्टरची तपासणी तेव्हाच उरकावी. भिंत ओली असेल तर रंग मात्र पुढे ढकलावा.

सहावी पायरी: पाहुण्यांना यात्रेची नेमकी माहिती द्यावी

हे काम माझ्या दृष्टीने चावी देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानी देवी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रेत असते, म्हणजे मूर्ती सिंहासनावर नसून पलंगावर निजवलेली असते. हे ठाऊक नसलेली माणसे सुटीचे दिवस पाहून नेमक्या त्याच काळाचे बुकिंग करतात आणि सिंहासनावरचे दर्शन न मिळाल्याने हिरमुसली होऊन परततात. बुकिंग घेतानाच ही गोष्ट सांगावी, मग ते रद्द झाले तरी चालेल. गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीमुळे जुन्या शहरातले रस्ते वाहनांना बंद असतात. ज्यांचे घर त्या भागात आहे, त्यांनी गाडी कुठे लावायची आणि सामान घेऊन किती चालावे लागेल, हे आधी कळवावे.

कोजागिरीची पद्धत आणखी निराळी आहे. सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसे रात्रभर चालत जातात आणि त्या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. आपल्याकडे उतरलेली मंडळी संध्याकाळी सामान ठेवून निघतात, रात्रभर घर रिकामे राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीने परत येतात. म्हणून हे बुकिंग दुपार ते दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ असे द्यावे. सकाळी दहाला घर सोडायचा नियम इथे लावू नये. ती परततात तेव्हा बहुतेकांच्या तळपायांना फोड आलेले असतात. दाराशी दोन रुंद टब, गरम पाण्याची बादली, मिठाचा डबा आणि कोरडे पंचे ठेवले की माणसे चपला काढून तिथेच पायरीवर बसतात आणि पाय पाण्यात सोडून कितीतरी वेळ बोलत नाहीत. गेल्या खेपेला एका आजींनी तसेच बसल्या बसल्या पुढच्या कोजागिरीची आगाऊ रक्कम दिली.

सातवी पायरी: भाकड काळासाठी दुसरे पाहुणे शोधावेत

सोलापुरातल्या रुग्णालयांत धाराशिव, विजयपूर आणि कलबुर्गीकडचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांना आठवडा-पंधरवड्यासाठी स्वयंपाकाची सोय असलेले घर हवे असते. त्यांना आठवड्याच्या दराने, यात्रेच्या निम्म्याने घर द्यावे आणि मुक्काम वाढला तर बाहेर काढण्याची वेळ येऊ नये, अशा बेताने पुढची बुकिंगे घ्यावीत. डिसेंबर ते फेब्रुवारीत हुरड्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे येतात; ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलून हुरडा, शेंगाचटणी आणि कडक भाकरीची सोय केली तर शनिवार-रविवार भरतात.

कागदपत्रांचे काम थोडके, पण न टाळण्यासारखे आहे. सोसायटीची लेखी संमती घ्यावी, प्रत्येक पाहुण्याची ओळखपत्रासह नोंद वहीत ठेवावी, आणि परदेशी नागरिक उतरल्यास २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती कळवावी. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करता येते का, तेही पाहावे.

कोजागिरी झाली की त्याच आठवड्यात वही घेऊन बसावे. पाणी कोणत्या दिवशी आले, टँकर किती लागले, कोणते बुकिंग कशामुळे रद्द झाले, किती पैसे परत केले, हे तारीख आणि तिथी दोन्ही घालून लिहावे. गड्ड्याच्या चौकशीचे फोन दत्तजयंतीच्या सुमारास सुरू होतात. तोवर हौद धुऊन, काठीवरच्या पुसट झालेल्या रेघा पुन्हा रंगवून घ्याव्यात.